ग्लायकेटेड हीमोग्लोबिन चाचणी

मधुमेही प्रौढाच्या रक्तातील ग्लुकोज गेल्या दोन-तीन महिन्यांत सरासरी किती राहिले, हे सांगणारी रक्तचाचणी. बोलण्यात ‘एचबीएवनसी’ किंवा ‘तीन महिन्यांची साखर’. तिच्यासाठी उपाशी राहावे लागत नाही.

हीमोग्लोबिन हे तांबड्या पेशीतील, ऑक्सिजन वाहून नेणारे प्रथिन. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. तेवढ्या काळात ग्लुकोजचा रेणू हीमोग्लोबिनच्या बीटा शृंखलेच्या टोकावरील व्हॅलीन या ॲमिनो अम्लाला विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीशिवाय जोडला जातो. हा पहिला बंध सुटू शकतो. रेणूची पुनर्रचना झाली की तो जवळजवळ कायम होतो. असे ग्लुकोज जोडलेले हीमोग्लोबिन किती टक्के आहे, तो चाचणीचा आकडा. त्यात तिन्ही महिन्यांचा वाटा मात्र सारखा नसतो. आकड्याचा साधारण निम्मा भाग नमुना घेण्याआधीच्या एका महिन्याचा असतो.

शोधाचे श्रेय कोणाचे, याबद्दल एकमत नाही. हाउसमन व मायरिंग या संशोधकांनी १९५८ मध्ये वर्णलेखनाने (मिश्रणातील घटक वेगळे करण्याच्या क्रोमॅटोग्राफी या पद्धतीने) हीमोग्लोबिनचे गौण अंश वेगळे केले. त्यामुळे काही जण सुरुवात तेथून धरतात. पण त्या कामाचा मधुमेहाशी संबंध नव्हता. तेहरानमध्ये हीमोग्लोबिनचे अपसामान्य प्रकार शोधत असताना सॅम्युएल राहबर यांना मधुमेहींच्या रक्तात हीमोग्लोबिनचा एक वेगळा पट्टा (विजेच्या साहाय्याने प्रकार वेगळे करताना उमटणारा) दिसला, तो १९६८ च्या सुमारास. चाचणीचा उगम येथे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. उपचारांवर देखरेख ठेवण्यासाठी तिचा उपयोग होईल, हे कोनिग, सेरामी व सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये दाखवले. टाइप १ मधुमेहावरील १९९३ चा आणि टाइप २ मधुमेहावरील १९९८ चा, अशा दोन मोठ्या अभ्यासांनंतर तिचे स्थान पक्के झाले.

७ टक्के म्हणजे सरासरी सुमारे १५४ मिग्रॅ./डेसिलि. गर्भवती नसलेल्या बहुतेक प्रौढांसाठी ७ च्या आत हे उद्दिष्ट ठेवतात. वृद्धांत किंवा साखर वारंवार फार उतरत असल्यास ते सैल करतात. सरासरी चढउतार झाकते, हा या चाचणीचा मोठा दोष आहे: दिवसभर स्थिर राहणारा आणि ६० ते २५० मध्ये हेलकावे खाणारा, दोघांचाही अहवाल ७ येऊ शकतो. म्हणून उपाशीपोटीची व जेवणानंतर दोन तासांची तपासणी सुटत नाही. त्या नमुन्यासाठी सोडियम फ्लोराइड घातलेली नळी वापरतात, कारण नळीतही पेशी ग्लुकोज खात राहतात.

लोहाच्या कमतरतेने आकडा खोटा वाढतो. रक्तविलयनात (तांबड्या पेशी फुटण्यात) तो खोटा घटतो, कारण पेशी वेळेआधी मरतात. रुग्णाला नुकतेच रक्त चढवले असल्यास किंवा हीमोग्लोबिन वेगळ्या जातीचे असल्यासही तो भरवशाचा नसतो. अशा वेळी फ्रुक्टोसामाइन, म्हणजे रक्तद्रवातील ग्लुकोज जोडलेली प्रथिने, मोजतात. त्यातून गेले दोन-तीन आठवडे कळतात. पण अल्ब्युमिन हे रक्तद्रवातील मुख्य प्रथिन घटलेले असेल तर तेही फसवते.