हॉलमार्क आणि लंडनच्या सोनारांचा गिल्ड

दागिना घेताना आपण भिंगातून 916 चा शिक्का शोधतो, त्याला हॉलमार्क म्हणतात हे सगळ्यांना माहितीये, पण यातला 'हॉल' म्हणजे नेमका कुठला हॉल हे सहसा कोणी विचारत नाही. तो हॉल लंडनचा, फॉस्टर लेन नावाच्या गल्लीतला, तिथल्या सोनारांच्या गिल्डचा. गिल्ड म्हणजे एकाच धंद्यातल्या लोकांची संघटना, पण आजच्या युनियनसारखी नाही, कारण मालकच तिचे मेंबर आणि मालाची तपासणी करणारेही तेच.

1300 साली राजा पहिला एडवर्ड याने कायदा केला की चांदी 92.5 टक्के शुद्धच पाहिजे (आजही दुकानात '925 चांदी' म्हणतात ती हीच), आणि गिल्डच्या वॉर्डनांनी (म्हणजे पदाधिकाऱ्यांनी) दुकानोदुकानी जाऊन माल तपासून त्यावर बिबट्याच्या तोंडाचा शिक्का मारायचा. 1327 मध्ये गिल्डला राजाची सनद मिळाली. तिच्यात एक मजेशीर अट आहे, सोनारांनी चीपसाइड या मोठ्या बाजाररस्त्यावरच बसायचं, कारण आडगल्लीतल्या दुकानांत चोरीचा आणि खोटा माल खपायचा. 1363 पासून प्रत्येक कारागिराला स्वतःची खूण ठोकणं सक्तीचं झालं.

तपासणी कशी व्हायची तर सोनं कसोटीच्या दगडावर घासून, आपले जुने सराफ कस लावायचे तसंच. चांदीची तपासणी मात्र आगीवर व्हायची. वस्तूचा थोडासा कीस काढून वजन करायचं, शिशात गुंडाळायचं आणि हाडाच्या राखेच्या छोट्या वाटीत तापवायचं, शिसं वितळताना तांब्याची भेसळ सोबत घेऊन राखेत मुरतं आणि वाटीत चोख चांदीचा चकचकीत मणी उरतो, त्याचं परत वजन केलं की जेवढी घट तेवढी भेसळ. कमी कसाची वस्तू सरळ तोडून टाकायचे, वर दंड.

1478 पासून माल हॉलवरच आणायचा असं ठरलं आणि शिक्क्यात दरवर्षी बदलणारं एक अक्षर आलं. आज अँटिकवाले त्यावरून वस्तूचं साल सांगतात, पण मुळात ते तपासनीसाला पकडण्यासाठी होतं, माल खोटा निघाला तर त्या वर्षी कस कोणी लावला ते कळावं म्हणून. मला तर ही सगळ्यात हुशार गोष्ट वाटते.

धंद्यात शिरायचं तर किमान सात वर्षं उमेदवारी, म्हणजे उस्तादाच्या हाताखाली काम शिकायचं. त्याच्या कराराच्या दोन प्रती एकाच चामड्यावर लिहून मधून नागमोडी कापायच्या, वाद झाला तर दात जुळवून बघायचे. पोरगा उस्तादाच्याच घरी राहायचा, जेवायचा, लग्न करायची परवानगी नाही. मुदत संपली की गिल्डमार्फत शहराचा नागरिक व्हायचा आणि मगच स्वतःचं दुकान टाकता यायचं.

हे सोनार काही फार सज्जन होते असं नाही हं. 1267 मध्ये त्यांची आणि शिंप्यांची अशी जुंपली की रात्री शेकडो माणसं हत्यारं घेऊन रस्त्यावर उतरली, मुडदे पडले आणि नंतर काही जणांना फाशी झाली.

भारतात सोन्याच्या दागिन्यांना बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) हॉलमार्क 2000 साली आला आणि जून 2021 पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. फॉस्टर लेनमध्ये शिक्के मारायचं काम अजून चालू आहे, आणि ब्रिटिश टांकसाळीची नाणीही दरवर्षी तिथेच तपासायला येतात.