प्रक्षेपणाच्या तारखा आणि विलंब

माणूस नसलेली याने, म्हणजे कृत्रिम उपग्रह, चांद्रयाने आणि ग्रहांकडे धाडलेली याने कोणत्या दिवशी व कोणत्या वेळी सोडायची हे ठरवण्याची रीत, ती वेळ टळण्यामागची कारणे आणि या तारखांवर घरबसल्या लक्ष ठेवण्याचा छंद, या तिन्ही गोष्टी या नोंदीत घेतल्या आहेत. ‘प्रक्षेपण पुन्हा लांबणीवर’ ही बातमी वाचून कुणी संस्थेला नावे ठेवतो, कुणी हळहळतो. जाणकार आधी एकच विचारतो : यान कोणत्या घड्याळाला बांधलेले आहे? दोन मिनिटांच्या खोळंब्याने काही यानांचा तो दिवस हुकतो. काहींचे दोन वर्षे थांबूनही फारसे बिघडत नाही. विलंब किती मोठा, हे त्या घड्याळावरच मोजायचे.

सर्वांत काटेकोर घड्याळ मिनिटांचे. ठराविक प्रतलातली कक्षा हवी असेल, तर पृथ्वी फिरता फिरता प्रक्षेपणस्थळ त्या प्रतलाखाली येते तेव्हाच उड्डाण करावे लागते, आणि ती संधी दिवसातून बहुधा एकदाच मिळते. इस्रोच्या पीएसएलव्ही-सी५९ या प्रक्षेपकावरून युरोपचे प्रोबा-३ हे जोडयान ४ डिसेंबर २०२४ रोजी दुपारी ४ वाजून ८ मिनिटांनी जायचे होते. ऐनवेळी यानाच्या राखीव प्रणोदन यंत्रणेत गडबड आढळली. दुसऱ्या दिवशी ते गेले ४ वाजून ४ मिनिटांनी. दिवस बदलला की मिनिटेही बदलतात, ती अशी. त्याच महिन्यात ३० तारखेला स्पेडेक्स ही इस्रोची अवकाशात याने जोडण्याची मोहीम ९:५८ ऐवजी रात्री १० नंतर सुटली, कारण वाटेत दुसरा उपग्रह जवळ येण्याचा धोका होता. हा दोन मिनिटांचा उशीर कुणाच्या लक्षातही आला नाही. गुरूच्या चंद्रांकडे निघालेल्या युरोपच्या ज्यूस यानाला रोज एकच क्षण उपलब्ध होता. १३ एप्रिल २०२३ रोजी विजेच्या भीतीने तो सोडला आणि १४ तारखेचा पकडला.

चंद्राचे घड्याळ वेगळे. उतरायचे असेल तर उतरण्याच्या जागी नुकती सकाळ झालेली हवी. तिथला दिवस आपल्या सुमारे चौदा दिवसांचा असतो आणि सौर पट्ट्यांवर चालणाऱ्या यानाचे आयुष्य तेवढेच. चांद्रयान-३ ने १४ जुलै २०२३ रोजी दुपारी २:३५ ला उड्डाण केले आणि २३ ऑगस्टला संध्याकाळी ६:०४ वाजता ते उतरले, ते याच हिशेबाने. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात लँडर आणि रोव्हर दोघांना झोपवावे लागले. चांद्रयान-२ ची गोष्ट जास्त बोलकी आहे. १५ जुलै २०१९ च्या पहाटे २:५१ चे उड्डाण पाहायला लोक जागे राहिले होते. उलटगणतीचे घड्याळ ५६ मिनिटे २४ सेकंदांवर थांबले ते थांबलेच. सात दिवसांनी, २२ जुलैला दुपारी २:४३ ला ते निघाले. मात्र उतरण्याची तारीख सप्टेंबरच्या ६ वरून ७ वर, म्हणजे जेमतेम एका दिवसाने सरकली. चंद्राभोवती घिरट्या घालण्याचे दिवस छाटून आठवड्याची तूट भरून काढली गेली. लँडर पुढे आदळला, पण त्याचा या विलंबाशी संबंध नव्हता.

मंगळ सर्वांत कडक. पृथ्वी आणि मंगळ एकमेकांच्या सोयीच्या जागी दर ७८० दिवसांनी, म्हणजे सुमारे २६ महिन्यांनी येतात. नाशिककरांना ग्रहावरून ठरणाऱ्या तारखांचे नवल नाही. गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ, आणि गुरूची सूर्यप्रदक्षिणा ११.८६ वर्षांची असल्याने मेळा बारा वर्षांच्या आसपास येतो : २००३, २०१५ आणि आता २०२६-२७. योगायोगाने २०२६ च्या अखेरीस मंगळाकडे जाण्याचीही खिडकी, म्हणजे उड्डाणाला सोयीचा काळ, उघडते. फरक इतकाच, की सिंहस्थाची तारीख कुणाची तयारी अपुरी आहे म्हणून पुढे जात नाही. खिडकीही थांबत नाही, यान मात्र राहून जाते.

अमेरिकेचे इनसाइट यान मार्च २०१६ मध्ये जायचे होते. भूकंपमापकाच्या निर्वात कुपीला गळती सापडली, दुरुस्ती त्या खिडकीत बसली नाही आणि यान गेले ५ मे २०१८ ला. थांबण्याचा खर्च सुमारे १५ कोटी डॉलर. युरोपच्या रोझलिंड फ्रँकलिन रोव्हरची तारीख २०१८ वरून २०२०, तिथून २०२२ अशी सरकली. मग युक्रेनवरील हल्ल्यानंतर रशियाशी भागीदारी तुटली आणि आता २०२८ चे बोलले जाते. जपानचे एमएमएक्स मंगळाच्या फोबॉस या चंद्राकडे २०२४ मध्ये जाणार होते. त्याच्यासाठी ठरलेला एच-३ प्रक्षेपक मार्च २०२३ मधल्या पहिल्याच उड्डाणात अपयशी ठरला आणि यान २०२६ च्या खिडकीवर ढकलले गेले.

मंगळयानाचा विलंब मात्र आपल्याकडे पुरेसा सांगितला जात नाही. २८ ऑक्टोबर २०१३ ची तारीख ठरली होती. श्रीहरिकोट्यात सगळे तयार होते, अडले ते पॅसिफिकमध्ये. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा पेटणे आणि यान वेगळे होणे दक्षिण पॅसिफिकवर घडणार होते. तिथे जमिनीवरचे केंद्र नसल्याने एससीआय नालंदा आणि एससीआय यमुना या दोन जहाजांवर अँटेना बसवून ती पाठवली होती. खराब हवामानामुळे जहाजांना जागेवर पोहोचायला उशीर झाला आणि उड्डाण ५ नोव्हेंबरला दुपारी २:३८ वर गेले. खिडकी १९ नोव्हेंबरपर्यंत होती, म्हणून हे परवडले. पीएसएलव्हीत यानाला थेट मंगळाकडे भिरकावण्याचे बळ नव्हते. ते पृथ्वीभोवतीच फिरत कक्षा वाढवत राहिले आणि नोव्हेंबर संपता संपता मंगळाच्या वाटेला लागले.

आकाशाची सक्ती नसली की कॅलेंडर सर्वांत सैल पडते. भूस्थिर उपग्रह, पृथ्वीनिरीक्षण उपग्रह आणि अवकाश दुर्बिणी यांना पुढचा महिनाही चालतो, म्हणून त्यांच्याच तारखा वर्षानुवर्षे घसरतात. जेम्स वेब दुर्बीण सुरुवातीच्या आराखड्यात २००७ ला उडणार होती, ती २५ डिसेंबर २०२१ ला उडाली. भारत-अमेरिकेच्या निसार उपग्रहाची १२ मीटरची अँटेना-जाळी उष्णता परतवणारा लेप देण्यासाठी भारतातून परत कॅलिफोर्नियाला पाठवावी लागली. उड्डाण झाले ३० जुलै २०२५ ला.

थांबणे दर वेळी बिनधोक नसते. गॅलिलिओ यान १९८६ मध्ये निघणार होते, चॅलेंजर अवकाशयानाच्या दुर्घटनेमुळे १९८९ ला निघाले. त्या काळात त्याची ट्रकमधून देशभर ने-आण झाली, छत्रीसारख्या अँटेनाच्या काड्यांवरचे वंगण घासून गेले आणि गुरूच्या वाटेवर ती पूर्ण उघडलीच नाही. रोझेटा या युरोपच्या धूमकेतूकडे जाणाऱ्या यानाचे तर गंतव्यच बदलले. डिसेंबर २००२ मध्ये एरियन-५ प्रक्षेपकाचे उड्डाण फसल्याने जानेवारी २००३ ची संधी गेली, विर्टानेन धूमकेतू हातचा सुटला आणि २ मार्च २००४ ला निघालेले यान चुर्युमोव-गेरासिमेंको धूमकेतूकडे वळवले गेले. अमेरिकेचे सायकी यान एक वर्ष उशिरा, १३ ऑक्टोबर २०२३ ला सुटले. लघुग्रहाशी ते पोहोचण्याचे साल मात्र २०२६ वरून २०२९ झाले.

कारणांत हवामान सर्वांत ठळक दिसते, पण खोळंब्याचे दिवस तेच फार खाते असे नाही. वीज, जमिनीलगतचा वारा, उंचावरच्या वाऱ्याचा जोर ही कारणे सहसा दिवसा-दोन दिवसांत मिटतात. तरी नियम कडक आहेत, आणि ते उगाच नाहीत. २६ मार्च १९८७ रोजी केप कॅनाव्हरलहून पावसाळी ढगांतून सोडलेल्या ॲटलस-सेंटॉरवर वीज पडली, मार्गदर्शक संगणकाची स्मृती बिघडली आणि मिनिटाच्या आत प्रक्षेपक उपग्रहासकट गेला. श्रीहरिकोट्याला ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर झोडपतो. याच दिवसांत बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले की निफाड-दिंडोरीचा द्राक्षबागायतदार घडांच्या काळजीने हवामान खात्याची बातमी पाहतो आणि प्रक्षेपणाचा नाद असलेला त्याचा मुलगा तीच बातमी वेगळ्या काळजीने वाचतो.

यंत्राची कारणे महिने खातात. १९ ऑगस्ट २०१३ रोजी इस्रोच्या जीएसएलव्ही-डी५ या प्रक्षेपकाची उलटगणती सव्वा तास उरला असताना थांबली, कारण दुसऱ्या टप्प्याच्या इंधनटाकीला गळती लागली होती. टाकी वेगळ्या मिश्रधातूची करून ५ जानेवारी २०१४ ला उड्डाण झाले आणि भारतीय क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रव इंधनावर चालणारे, इंजिन प्रथमच यशस्वी ठरले. उलट उदाहरणही आहे. ५ मार्च २०२० ला जायचा असलेला पृथ्वीनिरीक्षण उपग्रह तांत्रिक कारणाने आणि पुढे टाळेबंदीने रखडत १२ ऑगस्ट २०२१ ला निघाला आणि क्रायोजेनिक टप्पा न पेटल्याने गेला. थांबलेले यान अधिक सुरक्षित असते, हा समज त्यामुळे अर्धाच खरा. कधी कारण यानापासून फार दूर असते : प्लूटोकडे जाणारे न्यू होरायझन्स १८ जानेवारी २००६ ला सुटले नाही, कारण मेरीलँडमधल्या नियंत्रण केंद्राची वीज गेली होती.

तारीख कळते ती पायऱ्यापायऱ्यांनी. आधी साल, मग तिमाही, मग महिना, शेवटी दिवस आणि मिनिट. साल सांगणाऱ्या तारखेला वजन द्यायचे नाही. ‘वर्षाअखेरीस’ याचा अर्थ अनुभवी माणूस ‘पुढच्या वर्षी’ असाच घेतो. परदेशी संस्था ‘अमुक तारखेच्या आधी नाही’ अशी भाषा वापरतात, आणि ती प्रामाणिक आहे. इस्रोची घोषणा बरेचदा थोडेच दिवस आधी येते. त्याआधी खूण मिळते ती वैमानिकांसाठीच्या नोटॅम सूचनेत आणि जहाजांसाठीच्या इशाऱ्यांत. त्यांत बंगालच्या उपसागरातले धोक्याचे पट्टे अक्षांश-रेखांशांसह आणि वेळेसह दिलेले असतात. पट्टा दक्षिणेकडे असेल तर ध्रुवीय कक्षा, पूर्वेकडे असेल तर भूस्थिर कक्षेची वाट, एवढा अंदाज नकाशावर रेघ ओढून बांधता येतो. सूचनेची मुदत आठवडाभर असली तरी उड्डाण बहुधा पहिल्या दिवशी ठरलेले असते, उरलेले दिवस राखीव.

नाशिकहून श्रीहरिकोट्याचे उड्डाण दिसत नाही. अंतर हजार किलोमीटरच्या घरात आहे. पृथ्वीच्या गोलाईमुळे प्रक्षेपक सत्तर-ऐंशी किलोमीटर उंच गेल्याशिवाय क्षितिजावर येणार नाही, आणि तोवर तो आणखी दूर निघून जात असतो. ओझरच्या आकाशात सुखोईची घरघर ऐकणाऱ्या शहराला प्रक्षेपण मात्र फोनवर आणि दूरदर्शनवरच पाहावे लागते. परदेशी उड्डाणांसाठी वेळेचे गणित करावे लागते : फ्लोरिडा आपल्यामागे उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. अमेरिकेचे युरोपा क्लिपर यान मिल्टन चक्रीवादळामुळे १० ऑक्टोबर २०२४ ऐवजी १४ ला सुटले, तेव्हा तिथे भरदुपार होती आणि नाशिकला रात्रीचे ९:३६. मंगळाकडची एस्कपेड ही जुळी याने आधी हवामानाने, मग सौर वादळाने अडली. १३ नोव्हेंबर २०२५ ला ती निघाली तेव्हा इथे १४ तारखेचे पहाटे सव्वादोन वाजून गेले होते.

वेळापत्रक हाताशी असल्याने फसगतही होते. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, उत्तर महाराष्ट्र आणि विदर्भाच्या आकाशातून जळते ठिपके रांगेने सरकत गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात धातूची मोठी कडी पडली. त्याच संध्याकाळी न्यूझीलंडहून इलेक्ट्रॉन प्रक्षेपक सुटला होता, म्हणून अनेकांनी ठिपक्यांची सांगड त्याच्याशी घातली. प्रत्यक्षात तो फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी चांग चेंग-३बी प्रक्षेपकाचा तिसरा टप्पा होता आणि वर्षभर पृथ्वीभोवती फिरून तो त्या दिवशी खाली आला होता. त्या दिवसाच्या प्रक्षेपणांच्या यादीत तो असणे शक्यच नव्हते. परतणाऱ्या अवशेषांच्या याद्या वेगळ्या निघतात, आणि हा छंद जोपासणाऱ्याला त्याही पाहाव्या लागतात.