डावलले गेल्यापासून एक वर्ष : सरकारी कर्मचाऱ्याच्या तक्रारीची मुदत कशी ठरत गेली

सेवाज्येष्ठता यादीत नाव खाली सरकते, कनिष्ठाला पदोन्नती मिळते, त्याच कामाचा पगार शेजारच्या टेबलावर जास्त असतो. अशा वेळी सरकारी कर्मचारी पहिल्यांदा करतो ते निवेदन. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर टपाल शाखेचा आवक शिक्का घेतला जातो, काही महिन्यांनी स्मरणपत्र जाते, मग आणखी एक. उत्तर आलेच तर एवढेच, की प्रकरण शासन स्तरावर विचाराधीन आहे. या सगळ्या काळात मुदतीचे घड्याळ चालू असते, हे अनेकांना वकिलाकडे गेल्यावरच कळते.

प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, 1985 च्या कलम 21 मध्ये हा हिशेब आहे. वरिष्ठांकडे केलेल्या अपिलावर किंवा निवेदनावर अंतिम आदेश झाला, तर त्या तारखेपासून एक वर्षात न्यायाधिकरणात, म्हणजे सेवाविषयक वादांसाठी नेमलेल्या वेगळ्या न्यायपीठात, अर्ज करायचा. सहा महिने वाट पाहूनही उत्तर आले नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष. म्हणजे कार्यालय गप्प बसले तर दीड वर्ष.

पूर्वी ही मुदत बरीच मोठी होती. नोकरीतल्या अन्यायाविरुद्ध कर्मचारी दिवाणी न्यायालयात दावा लावत. त्याआधी सरकारला दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागे आणि 1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे हक्क जाहीर करून मागण्यासाठी तीन वर्षे मिळत. दुसरा मार्ग संविधानाने दिला. सरकारी नोकरीत समान संधीचा हक्क कलम 16 ने मिळाला आणि तो डावलला गेला तर उच्च किंवा थेट सर्वोच्च न्यायालयात रिट, म्हणजे हक्क राखण्यासाठीची याचिका, करता येऊ लागले. रिटला कायद्यात ठरावीक मुदत नाही. पण उशीर किती चालेल, यावर 1968 मध्ये तिलोकचंद मोतीचंद खटल्यात घटनापीठाने सांगितले की मूलभूत हक्काच्या याचिकेतही विनाकारण केलेला विलंब आड येऊ शकतो. तो खटला मुंबईच्या विक्रीकराचा होता, पण त्याचा आधार पुढे सेवाविषयक प्रकरणांतही घेतला गेला.

याच्या पुढचा टप्पा मराठवाड्याशी जोडलेला आहे आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला तो सर्वांत माणुसकीचा निकाल आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि हैदराबाद राज्यातले मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले. जिल्ह्यांबरोबर तिथले तहसीलदारही आले. उपजिल्हाधिकारी पदावरील बढत्या महसूल विभागवार निवड यादीवरून दिल्या जाऊ लागल्या. परिणाम असा, की बढती मिळणार की नाही हे ज्येष्ठतेपेक्षा आपण कोणत्या विभागात आहोत आणि तिथे जागा कधी रिकामी होते यावर ठरू लागले. एका विभागातला ज्येष्ठ तहसीलदार थांबून राही आणि दुसऱ्या विभागातला कनिष्ठ पुढे जाई. रामचंद्र शंकर देवधर आणि इतरांनी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. सरकारची पहिली हरकत उशिराची होती : दहा-बारा वर्षे झोपला होता काय?

नोव्हेंबर 1973 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ती हरकत फेटाळली. विलंबाचा नियम हा कायदा नसून न्यायालयाने स्वतःला घालून घेतलेली शिस्त आहे आणि ती प्रत्येक प्रकरणाच्या वस्तुस्थितीवर अवलंबून आहे, असे न्यायालयाने म्हटले. या बढत्या तात्पुरत्या म्हणूनच दिलेल्या होत्या, त्यामुळे त्या मागे घेतल्याने कोणाचा पक्का हक्क हिरावला जाणार नव्हता. आणि समान संधीच्या मूलभूत हक्काचे गाऱ्हाणे केवळ उशीर झाला म्हणून सहज दाराबाहेर काढता येत नाही. विभागवार यादीवरून बढती देण्याची पद्धत कलम 16 विरुद्ध ठरली. सरकारनेच वर्षानुवर्षे प्रकरण तात्पुरते ठेवायचे आणि उशिराचा ठपका मात्र कर्मचाऱ्यावर ठेवायचा, हे त्या पीठाला मान्य झाले नाही.

पण त्याच सुमारास उलट दिशेचा निकालही आला. तमिळनाडूच्या सदाशिवस्वामी प्रकरणात 1957 मध्ये कनिष्ठाला मिळालेल्या बढतीविरुद्ध 1971 मध्ये याचिका झाली होती. बढतीत डावलले गेलेल्याने सहा महिन्यांत, फार तर वर्षभरात न्यायालयात यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने सुचवले. पुढे सरकारी वकिलांच्या हाती आयते सापडले ते हे वाक्य. देवधर निकाल तुलनेने मागे पडला.

आणीबाणीत 42 व्या घटनादुरुस्तीने कलम 323-अ आणले आणि सेवाविषयक वादांसाठी वेगळी न्यायाधिकरणे नेमण्याची वाट मोकळी झाली. त्यावरचा कायदा 1985 मध्ये झाला. 1 नोव्हेंबर 1985 पासून केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ‘कॅट’, सुरू झाले. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे ‘मॅट’, 1991 मध्ये आले. मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद इथे त्याची पीठे बसली. गोव्यात राज्य कर्मचाऱ्यांसाठी असे न्यायाधिकरण नाही, जिल्हा परिषदेचे कर्मचारीही मॅटच्या कक्षेत येत नाहीत. त्यांना उच्च न्यायालयच गाठावे लागते. लवकर आणि स्वस्तात न्याय, हे या व्यवस्थेचे वचन होते. त्याच्या बदल्यात तीन वर्षांची मुदत एका वर्षावर आली. 1997 च्या चंद्रकुमार निकालाने न्यायाधिकरणाच्या निर्णयावर उच्च न्यायालयात जाता येते हे पक्के केले, पण पहिली पायरी न्यायाधिकरणाचीच राहिली आणि त्याबरोबर एक वर्षही.

घड्याळ नेमके कुठून सुरू होते, हे 1989 मध्ये सात न्यायमूर्तींनी ठरवले. मध्य प्रदेशातील एस. एस. राठोर यांना 13 जानेवारी 1966 रोजी बडतर्फ केले होते. त्यांचे अपील 31 ऑगस्ट 1966 रोजी फेटाळले गेले आणि दावा 30 सप्टेंबर 1969 रोजी लागला. बडतर्फीपासून मोजले तर मुदत उलटून गेलेली. खालच्या न्यायालयांनी तसेच मोजले. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कायद्याने दिलेले अपील कर्मचारी करत असेल तर त्याचा निकाल लागेपर्यंत त्याला थांबावेच लागते, म्हणून मुदत अपिलाच्या निकालापासून मोजायची. त्यात नोटिशीचे दोन महिने धरले आणि दावा मुदतीत बसला. मात्र याच निकालात दुसरी बाजूही आहे : नियमांत ज्याची तरतूद नाही अशी निवेदनांवर निवेदने देत राहिल्याने मुदत वाढत नाही.

स्मरणपत्रांवर विसंबलेले लोक इथेच अडकले. 2008 च्या सी. जेकब प्रकरणात 1982 मध्ये सेवा संपलेल्या कर्मचाऱ्याने 2000 मध्ये निवेदन दिले होते. त्यावर कार्यालयाने विचार करून नकार दिला, तरी त्या नकाराने मेलेला दावा जिवंत होत नाही, असे न्यायालयाने ठरवले. 2011 च्या नेगी प्रकरणाने न्यायाधिकरणांना बजावले, की सरकारने हरकत घेतली नसली तरी मुदतीचा प्रश्न त्यांनी स्वतःहून तपासायचा. उशीर झालाच असेल तर विलंब माफीचा अर्ज जोडावा लागतो आणि पुरेसे कारण दाखवावे लागते.

मुदतीमागचा तर्क मला पटतो. पंधरा वर्षांनी ज्येष्ठता यादी उलथली तर तिच्यावर बढती, बदली, निवृत्तिवेतन उभारलेल्या कितीतरी जणांचे संसार हलतात. पटत नाही ते एवढेच, की कर्मचाऱ्याचा एक दिवसाचाही उशीर मोजला जातो आणि कार्यालयाच्या मौनाला मात्र काही किंमत मोजावी लागत नाही. निवेदनाच्या पोचपावतीवर न्यायाधिकरणाची मुदत छापायला काय हरकत आहे? एक ओळ पुरेल.

पगाराच्या बाबतीत एक फट उरली आहे. 1995 च्या एम. आर. गुप्ता प्रकरणात रेल्वे कर्मचाऱ्याची वेतननिश्चिती चुकीची असल्याचे गाऱ्हाणे होते. कमी पगार दर महिन्याला हाती पडतो, म्हणून अन्यायही दर महिन्याला नव्याने घडतो, असे न्यायालयाने मानले. मागची थकबाकी मात्र मुदतीत बसेल तेवढीच मिळते. बढतीला हा नियम लागत नाही. ती एकदाच हुकते.

लैंगिक छळाच्या तक्रारीचा इतिहास वेगळा आहे आणि तिथली मुदत सर्वांत तोकडी. राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमातल्या साथिन, म्हणजे गावपातळीवरील कार्यकर्त्या, भंवरीदेवी यांच्यावर 1992 मध्ये अत्याचार झाला. त्यानंतरच्या विशाखा निकालाने 1997 मध्ये कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ म्हणजे स्त्रीच्या समानतेच्या हक्काचा भंग, असे ठरवले. त्या मार्गदर्शक तत्त्वांत तक्रारीची मुदत नव्हती. ती 2013 च्या कायद्याने घातली : शेवटच्या घटनेपासून तीन महिने आणि कार्यालयातल्या अंतर्गत तक्रार समितीने कारणे नोंदवली तर आणखी जास्तीत जास्त तीन. मॅटला पुरेशा कारणासाठी कितीही विलंब माफ करता येतो. अंतर्गत समितीचा अधिकार सहाव्या महिन्याला संपतो. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर पश्चिम बंगालमधील विधी विद्यापीठाचे प्रकरण आले. शेवटची घटना एप्रिल 2023 ची, तक्रार डिसेंबर 2023 ची. मधल्या काळातल्या प्रशासकीय कारवाया छळाचा भाग धरता येणार नाहीत असे सांगून तक्रार मुदतबाह्य ठरवली गेली.

ज्याच्या हाताखाली काम करायचे, ज्याने गोपनीय अहवाल लिहायचा, त्याच्याविरुद्ध नव्वद दिवसांत लेखी तक्रार द्यायची, हे कायदा छळ झालेल्या बाईकडून मागतो. तोच अधिकारी अंगचटीला आला म्हणून ती पोलिसांत गेली, तर तो तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा ठरतो आणि फौजदारी न्यायालयाला त्याची दखल घ्यायला तीन वर्षांची मुदत असते. तिच्या स्वतःच्या कार्यालयातली समिती मात्र तोवर केव्हाच बंद झालेली असते.