शंभर अंश चालतील, पण कुठल्या व्होल्टेजला?

इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर वापरता वापरता अस्थिर होत असल्याचं २०२४ मध्ये कंपनीने मान्य केलं. मायक्रोकोडमधल्या, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या मूलभूत आज्ञावलीतल्या, चुकीमुळे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. जास्त व्होल्टेज आणि जास्त तापमान एकत्र आल्यामुळे, घड्याळाचे ठोके कोअरभर, म्हणजे प्रोसेसरच्या हिशोब करणाऱ्या भागभर, पोचवणारं सर्किट अकाली झिजत होतं. मायक्रोकोड दुरुस्त झाला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढली. ओव्हरक्लॉक न केलेल्या, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने न चालवलेल्या, प्रोसेसरवरही ही वेळ आली होती.

तरीही ओव्हरक्लॉक करणाऱ्यांचा प्रश्न तोच असतो: किती डिग्रीपर्यंत चालेल? मग कोणीतरी कंपनीचा तक्ता दाखवतं. इंटेलच्या १३९००के ची कमाल मर्यादा १०० अंश, रायझन ७९५०एक्सची ९५. म्हणजे ९४ अंशांवर दिवसरात्र चालवायला हरकत नाही! ही समजूत चुकीची आहे. त्या मर्यादेला पोचल्यावर प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, आणि ती ठरवताना कंपनीने स्वतःचं व्होल्टेज आणि स्वतःचा विद्युतप्रवाह धरलेला असतो. व्होल्टेज तुम्ही वाढवलंत की त्या आकड्याचा आधारच जातो.

आधी उष्णतेचा हिशोब. प्रोसेसरची उष्णता साधारणपणे वेग गुणिले व्होल्टेजचा वर्ग या प्रमाणात वाढते. समजा १.२० व्होल्ट आणि ४.० गिगाहर्ट्झला १२५ वॉट उष्णता निघते. १.३५ व्होल्ट देऊन ४.६ गिगाहर्ट्झ गाठले, तर वेग वाढला १५ टक्के, पण उष्णता झाली १८२ वॉट. कोअरपासून हवेपर्यंत उष्णतेला होणारा एकूण अडथळा दर वॉटमागे ०.३५ अंश धरला, तर २६ अंशांच्या खोलीत पूर्वी ७० अंश दिसत होते तिथे आता ९० दिसतील. हाच संगणक मे महिन्यात नागपूरला ३८ अंशांच्या खोलीत ठेवला, तर हिशोब १०२ वर जातो, म्हणजे वेग आपोआप पडणार आणि ओव्हरक्लॉकिंगचा फायदाच संपणार.

आता मुख्य गोष्ट, इलेक्ट्रोमायग्रेशन, म्हणजे विजेच्या प्रवाहामुळे तारेतले अणू सरकणं. घरातल्या दीड चौरस मिलिमीटरच्या तारेतून १५ ॲम्पिअर गेले, तर दर चौरस मिलिमीटरला १० ॲम्पिअर पडतात. चिपमधल्या तांब्याच्या तारांमध्ये हेच प्रमाण १०,००० पर्यंत जातं. इतक्या गर्दीने धावणारे इलेक्ट्रॉन तांब्याच्या अणूंना धक्के देत जातात. याला इलेक्ट्रॉनांचा वारा म्हणतात. एरवी अणू जागचा हलत नाही, कारण शेजारी त्याला धरून ठेवतात. तापमान वाढलं की त्याची थरथर वाढते, पकड सुटते आणि वारा त्याला पुढे ढकलतो. एका टोकाला पोकळी तयार होते, दुसऱ्या टोकाला ढीग साचतो. पोकळी वाढत गेली की तारेचा रोध वाढतो, शेवटी तार तुटते. संदेश वाहणाऱ्या तारांमध्ये प्रवाह दोन्ही दिशांनी जात असल्याने अणू काही अंशी परतही येतात. वीज पुरवणाऱ्या तारांमध्ये वारा सतत एकाच दिशेने वाहतो, म्हणून तिथली झीज भरून येत नाही.

जेम्स ब्लॅक यांनी १९६०च्या दशकात याचं सूत्र मांडलं: तारेचं आयुष्य विद्युतप्रवाहाच्या घनतेच्या साधारण वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतं, आणि तापमानावर घातांकी पद्धतीने अवलंबून असतं. तांब्यासाठी सक्रियण ऊर्जा (अणूला जागेवरून हलायला लागणारी ऊर्जा) ०.९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरू. तापमान ७० वरून ९० अंश, म्हणजे ३४३ वरून ३६३ केल्विन झालं की झीज पाचपटीहून जास्त. वरच्या उदाहरणात प्रवाहही (वॉट भागिले व्होल्ट) २९ टक्के वाढला आहे, त्याचे आणखी सुमारे १.७ पट. गुणाकार जवळपास नऊ! हा एकाच प्रकारच्या झिजेचा ढोबळ अंदाज आहे, पण दिशा यातून स्पष्ट होते. शिवाय दिवसाला दोन तास गेम खेळणाऱ्याची वर्षभराची झीज चोवीस तास चालणारा संगणक महिन्याभरात उरकतो.



सतत चालणाऱ्या संगणकासाठी माझा आकडा असा: वर्षातल्या सर्वांत गरम दिवसांत, पूर्ण भार असताना, सर्वांत गरम कोअर ८० अंशांच्या आत, ७५ असेल तर उत्तम. सरासरी पाहू नका. मोजताना कॅबिनेटच्या हवा आत घेणाऱ्या पंख्यासमोर साधा तापमापक ठेवा, प्राइम९५ या प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणाऱ्या प्रोग्रॅममधली 'स्मॉल एफएफटी' चाचणी अर्धा तास चालवा आणि एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कमाल आकडा पाहा. वॉटर कूलरचं पाणी पूर्ण तापायला वेळ लागतो, त्यामुळे पाच मिनिटांचा आकडा फसवा असतो. चाचणी डिसेंबरात केली असेल, तर मे महिन्यासाठी खोलीच्या तापमानातला फरक जसाच्या तसा मिळवा.

आकडा जास्त आला तर नवा कूलर घेण्याआधी व्होल्टेज उतरवा. वरच्याच उदाहरणात ४.४ गिगाहर्ट्झ १.२७ व्होल्टला स्थिर राहिले, तर वेग चार टक्के कमी होईल, पण उष्णता १५४ वॉटवर येईल आणि तापमान ९० वरून ८० वर. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) व्होल्टेज 'ऑटो'वर सोडू नका, मदरबोर्ड बरेचदा गरजेपेक्षा जास्त देतो. लोड-लाइन कॅलिब्रेशन, म्हणजे भार आल्यावर व्होल्टेज किती घसरू द्यायचं ते ठरवणारी सेटिंग, मधल्या पायरीवर ठेवा. सर्वांत वरच्या पायरीवर भार अचानक उतरला की व्होल्टेज क्षणभर उसळतं.

प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या व्हीआरएमवरचं लक्षही ढळू देऊ नका. वॉटर कूलर लावल्यावर सॉकेटभोवती हवा फिरत नाही, आणि प्रोसेसर ७० अंशांवर असतानाही व्हीआरएम शंभरी ओलांडू शकतो. तिथे एक छोटा पंखा पुरतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये महिन्यातून एकदा डब्ल्यूएचईए नोंदी (हार्डवेअरच्या चुकांच्या नोंदी) तपासा. वर्षभर स्थिर असलेल्या सेटिंगला अचानक अशा चुका दिसू लागल्या, तर व्होल्टेज वाढवून त्या लपवू नका, वेग १०० मेगाहर्ट्झने खाली आणा.