सॉनिक २ मधील वगळलेले झोन

'सॉनिक द हेजहॉग २' हा सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलवरचा १९९२ सालचा गेम. तो घडत असताना आखले गेलेले, काही अंशी रंगवलेही गेलेले, पण बाजारात येण्याआधी काढून टाकलेले टप्पे 'वगळलेले झोन' म्हणून ओळखले जातात. हिडन पॅलेस, वुड आणि जेनोसाइड सिटी ही त्यांतली ठळक नावे. एक वाळवंटी झोनही यांतच धरतात, पण त्याच्या नावाचा घोळ आहे, तो पुढे येईलच. विकल्या गेलेल्या गेममध्ये ११ झोन आणि त्यांचे मिळून २० भाग आहेत. बहुतेक झोनचे दोन भाग, मेट्रोपोलिसचे तीन आणि शेवटच्या तीन झोनचा प्रत्येकी एकच.

गेम बनवताना काही ना काही कापले जातेच. चित्रपटाच्या संकलनात नाही का, चित्रित केलेले अर्धेअधिक बाजूला पडते. सॉनिक २ चे वेगळेपण असे की त्याचे कापलेले तुकडे लोकांनी शोधले, खेळले, त्यांच्यावर वर्षानुवर्षे वाद घातले, आणि त्यांतला एक तर २१ वर्षांनी अधिकृतपणे परत आला.

मूळ आराखडा

सॉनिक हा या मालिकेचा नायक. त्याच्या पहिल्या गेमनंतर प्रोग्रॅमर युजी नाका सेगा सोडून बाहेर पडले होते. मार्क सर्नी यांनी कॅलिफोर्नियात सेगा टेक्निकल इन्स्टिट्यूट हा स्टुडिओ उभारला होता. त्यांनी नाकांना तिथे आणले. टप्प्यांची आखणी करणारे हिरोकाझु यासुहाराही तिथे आले. सॉनिकचे रूप ज्यांनी रेखाटले ते नाओतो ओशिमा मात्र जपानमध्येच राहिले आणि पुढे त्यांनी 'सॉनिक सीडी'चे दिग्दर्शन केले. कॅलिफोर्नियातला चमू अर्धा जपानी, अर्धा अमेरिकन होता. आखणी जपानी मंडळींची आणि बरीचशी पार्श्वभूमी रंगवणारे अमेरिकन चित्रकार, अशी साधारण विभागणी होती. दोघांच्या मध्ये भाषेची भिंत होती.

सुरुवातीची कल्पना कालप्रवासाची होती. कथा घडते वेस्ट साइड बेटावर. या बेटाचा भूतकाळ, वर्तमान आणि भविष्य असे निरनिराळे काळ सॉनिकने पालथे घालायचे, असा बेत होता. म्हणजे जगाचा नकाशा नुसता जागांचा नव्हता, काळाचाही होता. ही कल्पना मांडायला सोपी आणि बनवायला फार महाग, कारण एकाच जागेची निरनिराळी रूपे रंगवावी लागतात. ती सोडून देण्यात आली. पुढे १९९३ साली सीडीवर भरपूर जागा असलेल्या 'सॉनिक सीडी'मध्ये तीच कल्पना फुलली.

तयार गेम खेळताना या जुन्या बेताच्या खुणा अजूनही दिसतात, निदान मला तरी दिसतात. हिल टॉप झोन नीट पाहा. त्याची बरीच चित्रे एमराल्ड हिलचीच आहेत. रंग बदललेले आणि काही नव्या टाइल्सची भर. एरवी हा काटकसरीचा मामला म्हणून सोडून देता येईल, पण याच झोनमध्ये लाव्हारसातून मान वर काढणारा डायनोसॉरसारखा शत्रू आहे, जणू हा एमराल्ड हिलचाच आदिम काळ.

आराखडा स्वस्त, चित्रे महाग

एखादा झोन काढून टाकणे म्हणजे नेमके काय काढणे, हे कळायला मेगा ड्राइव्हवरच्या टप्प्याची बांधणी पाहावी लागते. सगळ्यात लहान घटक ८ बाय ८ पिक्सेलची टाइल. चार टाइल्सचा १६ बाय १६ चा ठोकळा, आणि अशा ६४ ठोकळ्यांचा १२८ बाय १२८ पिक्सेलचा मोठा चौकोन. (पहिल्या सॉनिकमध्ये हा चौकोन २५६ बाय २५६ चा होता.) टप्प्याचा आराखडा म्हणजे यांतला कोणता चौकोन कुठे ठेवायचा, एवढे सांगणारा आकड्यांचा तक्ता: आडवे १२८ आणि उभे १६. पुढचे दृश्य आणि मागची पार्श्वभूमी असे दोन तक्ते मिळून ४,०९६ बाइट्स भरतात, आणि कार्ट्रिजवर ते दाबून ठेवल्यामुळे त्याहून कितीतरी कमी.

सॉनिक २ चे कार्ट्रिज ८ मेगाबिटचे, म्हणजे १ मेगाबाइटचे होते. पहिल्या सॉनिकच्या दुप्पट. त्यात एका आराखड्याची जागा किरकोळच. खरा खर्च असतो टाइल्सचा, रंगपट्टीचा, शत्रूंच्या हालचालींचा आणि संगीताचा. म्हणून मुदत जवळ आली की पूर्ण झोन कापला जातो, पण त्यातला आराखडा दुसऱ्या झोनच्या चित्रांवर बसवून वाचवता येतो. सॉनिक २ मध्ये नेमके हेच घडले.

जेनोसाइड सिटी

गेम इंग्रजी नावांसह जगभर जायचा होता, तरी 'वंशसंहार नगर' अशा अर्थाचे हे नाव बराच काळ कुणाला खटकले नाही. पुढे ते बदलून सायबर सिटी असे सौम्य नाव ठेवले गेले. झोन मात्र झालाच नाही. हाती लागलेल्या प्रोटोटाइपमध्ये, म्हणजे गेमच्या अपुऱ्या प्रतीत, टप्प्यांच्या यादीत त्याचे नाव आहे, पण तो निवडला तर पायाखाली जमीनच नसते. सॉनिक येतो तो थेट खाली कोसळतो.

त्यासाठी केलेली आखणी मेट्रोपोलिस झोनच्या पदरात पडली. मेट्रोपोलिसला तिसरा भाग का, हे कोडे यातून सुटते. तो भाग खेळताना बऱ्याच जणांना वाटते की हा झोन आता आटोपायला हवा होता. ते वाटणे अगदीच निराधार नाही. गेमच्या अंतर्गत मांडणीत एका क्रमांकाखाली दोनच भाग मावतात. त्यामुळे मेट्रोपोलिसचे पहिले दोन भाग ४ क्रमांकावर आणि तिसरा शेजारच्या ५ क्रमांकावर नांदतो.

रिकामे क्रमांक

झोनसाठी ० ते १६ असे १७ क्रमांक राखलेले आहेत. त्यांतले १२ वापरात आहेत, मेट्रोपोलिस दोन घेतो म्हणून. उरलेले पाच, म्हणजे १, २, ३, ८ आणि ९, ओसाड आहेत. चाळीतल्या बंद खोल्यांसारखे; दारावरचा क्रमांक आहे, आत कुणी नाही. २ क्रमांकाची खोली वुड झोनची आणि ८ क्रमांकाची हिडन पॅलेसची. १, ३ आणि ९ यांच्या दारावर पाटीही लागली नाही.

वुड झोन प्रोटोटाइपमध्ये अर्धवट उघडतो. झाडांच्या जाडजूड खोडांमधून वाट काढायची, एवढे कळते; पण वस्तू जवळपास नाहीत आणि थोड्या अंतरानंतर टप्पा संपतो. त्याच्याविषयी याहून जास्त सांगण्यासारखे नाही.

वाळवंटाची गोष्ट थोडी गमतीची. १९९२ च्या गेम मासिकांमध्ये निवडुंगांच्या माळावर उभ्या असलेल्या सॉनिकचे चित्र छापून आले होते. ती चालत्या गेमची स्क्रीन नव्हती, जाहिरातीपुरती जुळवलेली प्रतिमा होती. पुढे प्रोटोटाइपच्या यादीत डस्ट हिल हे नाव दिसले आणि चाहत्यांनी धूळ आणि वाळू यांची सांगड घालून ते वाळवंटाला चिकटवले. डस्ट हिल उघडून पाहावे तर आत मिस्टिक केव्हची गुहा. तरी जुन्या चाहत्यांच्या बोलण्यात डस्ट हिल म्हटले की आजही वाळूच येते. त्याच यादीत एमराल्ड हिल 'ग्रीन हिल' म्हणून आणि अ‍ॅक्वेटिक रूइन 'निओ ग्रीन हिल' म्हणून नोंदलेले आहेत, तेव्हा त्या नावांवर फार विसंबू नये हे बरे.

हिडन पॅलेस

वगळलेल्या झोनपैकी सगळ्यात पुढे गेलेला आणि सगळ्यात गाजलेला हाच. चित्रे क्रेग स्टिट यांची. भूमिगत गुहा, चमकणारे स्फटिक, धबधबे, पाणी आणि पूल. मध्येच एक भलामोठा पैलूदार मणी ठाण मांडून बसलेला. आग ओकणारा लाल डायनोसॉर आणि वटवाघळे हे इथले शत्रू. कालप्रवासाच्या बेताची आठवण इथेही येते. प्रोटोटाइपमध्ये यातून बराच वेळ धावता येते, पण शेवट नाही. शेवटचा मोठा शत्रू, म्हणजे बॉस, नाही; टप्पा संपल्याची पाटी नाही.

सातही पाचू गोळा केल्यावर सॉनिक सोनेरी 'सुपर सॉनिक' होतो. ही शक्ती त्याला मिळते कुठे, याचे उत्तर हिडन पॅलेसमध्ये द्यायचे होते, असे नाकांनी नंतर सांगितले. झोन गेला आणि ते उत्तरही गेले. विकलेल्या गेममध्ये सातवा पाचू मिळतो आणि ५० कड्या (वाटेत वेचायच्या सोनेरी रिंगा) जमल्या की सॉनिक उडी मारताच सोनेरी होतो, का ते कुणी सांगत नाही. लहानपणी कुणाला तो प्रश्न पडला असेल असेही नाही.

विकलेल्या कार्ट्रिजमध्ये या झोनचे अवशेष मात्र चांगलेच शिल्लक आहेत. आराखडा आणि चित्रे काढली. पण त्या मण्याचा कोड, धबधब्याचा कोड आणि त्याच्या पुलासाठी केलेली तरतूद तशीच राहिली. सुरुवातीला पडद्यावर सरकत येणारी 'हिडन पॅलेस' ही अक्षरेही राहिली. गेममध्ये बाहेरून फेरफार करणारे गेम जीनीसारखे उपकरण लावून ८ क्रमांकाचा झोन उघडला की ती अक्षरे झळकतात आणि पुढे पोकळी. ध्वनिचाचणीच्या (गेममधले आवाज आणि संगीत क्रमांकाने वाजवून पाहण्याच्या सोयीच्या) यादीत १० क्रमांकाला एक सुरेल तुकडा आहे, जो अख्ख्या गेममध्ये कुठेच वाजत नाही. प्रोटोटाइपमधल्या हिडन पॅलेसमध्ये वाजणारे संगीत निराळेच. ते अखेरीस मिस्टिक केव्हच्या दोन खेळाडूंच्या सामन्याला देण्यात आले.

(ध्वनिचाचणीचा विषय निघालाच आहे तर: १९, ६५, ९, १७ हे तुकडे याच क्रमाने वाजवले की टप्पे निवडण्याची सोय खुली होते. १७ सप्टेंबर १९६५ ही नाकांची जन्मतारीख.)

प्रोटोटाइप कसे सापडले

गेम जपानमध्ये २१ नोव्हेंबर १९९२ रोजी आणि अमेरिका-युरोपमध्ये २४ नोव्हेंबरला आला. तो मंगळवार होता. ट्यूजडे आणि टू यांचा श्लेष साधून सेगाने त्या दिवसाची मोठी जाहिरात केली. मासिकांतली आधीची चित्रे ज्यांनी जपून ठेवली होती, त्यांना खेळताना काही चित्रांचा पत्ता लागेना. शंका तिथून सुरू झाली.

गेम पूर्ण होण्याआधीच त्याची एक अपुरी प्रत बाहेर फुटली होती आणि तिच्या चोरट्या नकला विकल्या जात होत्या. १९९० च्या दशकाच्या अखेरीस एका चाहत्याला तिचा रॉम, म्हणजे कार्ट्रिजमधल्या मजकुराची फाइल, एका चिनी संकेतस्थळावर सापडला आणि वर्षानुवर्षे केवळ चित्रांत पाहिलेला हिडन पॅलेस एकाएकी खेळता येऊ लागला. २००६ साली याहून जुना प्रोटोटाइप प्रसिद्ध झाला. तो 'निक आर्केड' या अमेरिकी टीव्ही कार्यक्रमात वापरला गेला होता, म्हणून त्याच नावाने ओळखला जातो. अपुऱ्या गेमच्या प्रती जतन करणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळाने तर आपले नावच हिडन पॅलेस ठेवले.

सेगाने स्वतःही हे नाव वाया जाऊ दिले नाही. १९९४ च्या 'सॉनिक अँड नकल्स'मध्ये मास्टर एमराल्ड हा भलामोठा मणी जिथे ठेवलेला असतो, त्या झोनचे नाव हिडन पॅलेस आहे. नाव आणि मणी सोडता १९९२ च्या गुहेशी त्याचा फारसा संबंध नाही.

पुनरागमन

डिसेंबर २०१३ मध्ये सॉनिक २ ची नव्याने लिहिलेली मोबाइल आवृत्ती आली. ती ख्रिश्चन व्हाइटहेड आणि सायमन थॉम्ली यांनी केली. दोघेही चाहत्यांच्या वर्तुळातून पुढे आलेले. हिडन पॅलेस त्यांनी पूर्ण केला. त्याला शेवट दिला, नवा बॉस दिला आणि १० क्रमांकाचा तो अनाथ तुकडा त्याचे संगीत म्हणून लावला. स्फटिकांची गुहा जुनी, तिची सांगता नवी. १९९२ च्या चमूच्या मनात काय होते याचा पुरावा म्हणून ती वाचू नये.

तिथे पोहोचण्याची वाट त्यांनी मिस्टिक केव्हच्या दुसऱ्या भागातून काढली. मूळ गेममध्ये तिथे एक खोल खड्डा आहे: तळाला काटे, भिंती उंच, वर यायला मार्गच नाही. सुपर सॉनिक होऊन त्यात पडलात तर हाल आणखी, कारण काटे लागत नाहीत आणि उडी मारून बाहेरही पडता येत नाही. कड्या एकेक करून संपेपर्यंत तळाशी उभे राहायचे. २०१३ च्या आवृत्तीत त्याच खड्ड्यात उडी घेतली की सॉनिक हिडन पॅलेसमध्ये उतरतो.