थांबा आणि शेवटचं स्टेशन: क्रूझचा पोर्ट डे आणि टर्नअराउंड डे

मुंबईच्या लोकलला 'रिटर्न मारणारे' लोक असतात. संध्याकाळी दादरला डाऊन गाडीत पाय ठेवायला जागा नसते, म्हणून ते आधी उलटे सीएसएमटीला जातात, गाडी रिकामी होताना खिडकी पकडतात आणि त्याच गाडीने कल्याणकडे निघतात. एकाच जहाजावर लागोपाठ दोन क्रूझ करणारा माणूस हा दर्यावरचा रिटर्न मारणारा समजा. मात्र शेवटच्या स्टेशनवर खिडकी धरून बसायची मुभा त्याला सगळीकडे नसते. अमेरिकेत तर नाहीच.

घोटाळा होतो तो इथेच. मायामीहून 7 रात्रींची पूर्व कॅरिबियनची सफर, ती संपली की त्याच संध्याकाळी त्याच जहाजाने 7 रात्रींची पश्चिम कॅरिबियनची. मग मधला मायामीचा दिवस म्हणजे कोझुमेल किंवा नासाऊसारखं आणखी एक बंदर, असंच वाटतं. आई तर फोनवर सगळ्यांना 'चौदा रात्रींचं तिकीट आहे' म्हणून सांगत होती. कागदोपत्री ती दोन वेगळी तिकिटं होती. बुकिंग नंबर दोन, बिलंही दोन.

पोर्ट डे, म्हणजे सफरीच्या मध्येच जहाज एखाद्या बंदरात थांबतं तो दिवस, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. जहाज धक्क्याला लागतं, गँगवेवर (जहाजातून उतरायच्या पुलावर) कार्ड वाजतं, तुम्ही उतरता. नाही उतरलात तरी कोणी विचारत नाही. (अर्धं जहाज गावात गेलेलं असताना डेकवर आडवं पडून राहणं, हा माझ्या मते बंदराचा सर्वात चांगला उपयोग.) परत यायची वेळ साधारण जहाज सुटण्याच्या अर्धा तास आधीची. सामान, वायफाय, बिल सगळं जागच्या जागी असतं. सफर चालूच असते, फक्त जहाज उभं असतं.

टर्नअराउंड डेला, म्हणजे जहाज जुने प्रवासी उतरवून नवे चढवतं त्या दिवशी, सफर संपते. तुम्ही पुढे जाणार असलात तरी तुमचीही पहिली सफर संपलेलीच असते.

त्या दिवशी जहाजावर काय चाललेलं असतं त्याचा अंदाज आकड्यांवरून येईल. मायामीहून आठवड्याच्या फेऱ्या करणाऱ्या 'आयकॉन ऑफ द सीज'वर 2,805 केबिन आहेत आणि ती जास्तीत जास्त 7,600 प्रवासी घेऊ शकते. असल्या जहाजांवरून सकाळी सातच्या सुमारास माणसं उतरू लागतात, अकराच्या आसपास नवी चढू लागतात आणि चार-साडेचारला जहाज सुटतं. एवढ्या वेळात सगळ्या केबिन साफ करायच्या, चादरी बदलायच्या, आठवड्याचा शिधा खालच्या दारातून फोर्कलिफ्टने आत घ्यायचा, कचरा बाहेर काढायचा. ज्यांचं कंत्राट संपलं त्या कर्मचाऱ्यांच्या बॅगाही त्याच दिवशी खाली उतरतात. क्रूझवर गोव्याची आणि कोकणातली पोरं बरीच भेटतात. आमच्या मजल्यावरचा केबिनवाला सावंतवाडीकडचा होता. रोज दारात उभं राहून दोन मिनिटं मालवणीत बोलणारा तो माणूस त्या सकाळी नुसती मान हलवून चादरींची गाडी ढकलत निघून गेला.

आदल्या रात्रीपासून दोन दिवसांमधला फरक दिसायला लागतो. उतरणारे लोक बॅगांना रंगीत पट्ट्या लावून त्या केबिनबाहेर ठेवतात. देखादेखी आपलीही ठेवली, तर सकाळी ती टर्मिनलच्या हॉलमध्ये शोधत बसायची वेळ येते. केबिन तीच राहणार असेल तर सामानाला हात लावायचा नाही. बदलणार असेल तर बॅग भरून ठेवायची. हँगरवरचे कपडे बहुधा तसेच राहू द्यायचे, केबिनवाला ते हँगरसकट नव्या केबिनमध्ये नेऊन लावतो. आमची केबिन तीच राहिली, आई-बाबांची मात्र जहाजाच्या दुसऱ्या टोकाला गेली.

अमेरिकेच्या बंदरात नवे प्रवासी चढवण्याआधी जुना प्रवासी एकही आत उरलेला नाही, हा हिशेब जुळावा लागतो. जहाजावर त्याला 'झिरो काउंट' म्हणतात. त्यामुळे पुढे जाणाऱ्यांनाही उतरावंच लागतं. केबिनमध्ये आधी चिठ्ठी येते, अमुक वाजता अमुक लाउंजमध्ये जमा. पासपोर्ट आणि जहाजाचं कार्ड घेऊन जायचं. कर्मचारी सगळ्यांना रांगेने खाली नेतो, कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवायचा, इमिग्रेशन अधिकाऱ्याने विचारलं तर उत्तर द्यायचं, आणि मग टर्मिनलमधल्या खुर्च्यांवर वाट बघायची. कुणी एकदोघं आत रेंगाळले असले की त्यांच्या नावाचा पुकारा होत राहतो आणि बाकीचे सगळे ताटकळतात. आम्ही पाऊण तास ताटकळलो.

आईने 'मध्येच भूक लागली तर' म्हणून नाश्त्याचं केळं पर्समध्ये टाकलं होतं. बाबा म्हणाले, काढ ते. आई म्हणाली, "अहो, जहाजावरचंच आहे आणि परत जहाजावरच यायचंय की!" तिचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं, पण त्या क्षणी आपण परदेशातून अमेरिकेत शिरत असतो आणि ताजी फळं सोबत आणायला परवानगी नसते. शेवटी बाबांनी ते गँगवेजवळच सोलून खाल्लं. जहाजाच्या दुकानात घेतलेल्या दारूच्या बाटलीचंही असंच: ती केबिनमध्येच राहू द्यावी. खाली नेली तर परत चढताना काढून घेतात आणि दुसरी सफर संपल्यावर हातात देतात.

हिशेब जुळला की पुढे जाणाऱ्यांना नव्या गर्दीच्या आधी वर सोडतात. पंधरा-वीस मिनिटं हजारो माणसांचं जहाज तुमच्या एकट्याचं असतं. स्विमिंग पूलभोवती एकही टॉवेल नाही, लिफ्ट बोलावल्याबरोबर हजर. पाऊण तासाच्या खुर्चीचे पैसे तिथे वसूल होतात.

बाहेरच पडायचं असेल तर तेही करता येतं. सकाळीच उतरून मायामीत फिरून या, पण परतीची वेळ पोर्ट डेसारखी धरू नका. प्रवाशांची यादी जहाज सुटण्याच्या किमान 60 मिनिटं आधी अमेरिकी यंत्रणेकडे जावी लागते, म्हणून टर्मिनलचं दार त्याहून आधी बंद होतं. शिवाय वायफाय आणि पेयांची पॅकेजं सफरीगणिक असतात. पहिल्याची मुदत त्या सकाळी संपते, बिलही वळतं होतं.

लोकलच्या रिटर्नमध्ये एक धोका असतो. पास दादरपासूनचा असेल आणि तुम्ही सीएसएमटीपर्यंत गेलात, तर टीसी पकडतो. क्रूझमध्ये त्याच जातीचा धोका 1886 च्या एका अमेरिकी कायद्यात आहे. परदेशी झेंड्याच्या, म्हणजे परदेशात नोंदणी झालेल्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरातून प्रवासी घेऊन दुसऱ्या अमेरिकी बंदरात कायमचा उतरवता येत नाही, वाटेत एखादं 'दूरचं' परदेशी बंदर लागल्याशिवाय. कॅनडा, मेक्सिको, बहामा हे जवळचे धरतात, अरुबा-कुरासाव दूरचे. मोठी क्रूझ जहाजं जवळजवळ सगळी बहामा, पनामा, माल्टा, बर्म्युडा अशा झेंड्यांखाली चालतात. म्हणून लॉस एंजेलिस ते व्हँकुव्हर ही सफर चालते, व्हँकुव्हर ते अलास्कातलं सूअर्ड हीही चालते, पण त्याच जहाजावर दोन्ही लागोपाठ केल्या तर कायद्याच्या नजरेत तो लॉस एंजेलिस ते सूअर्ड असा एकच प्रवास होतो आणि बेकायदा ठरतो. म्हणजे टर्मिनलमध्ये तुम्हाला नवा प्रवासी ठरवतात आणि इथे जुनाच! मायामी ते मायामी फेऱ्यांना ही भानगड नाही.

भूमध्य समुद्रात वेगळीच तऱ्हा. एमएससी आणि कोस्टा या कंपन्यांची जहाजं बार्सेलोना, मार्से, जेनोआ अशा बऱ्याच बंदरांत थोडी माणसं उतरवतात, थोडी चढवतात. तिथे एकाच दिवशी सगळं जहाज रिकामं होत नाही. तुमचा टर्नअराउंड डे हा शेजारच्या केबिनमधल्या प्रवाशाचा साधा पोर्ट डे असतो. भारतीय पासपोर्टवाल्यांनी तिकडे एवढंच पाहावं की वाटेत तुर्कस्तान किंवा ट्युनिशिया असेल तर शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक व्हिसा) एकाहून जास्त वेळा शिरू देणारा हवा, कारण हे दोन्ही देश त्याच्या बाहेरचे.

राहता राहिली आणीबाणीची ड्रिल. 13 जानेवारी 2012 ला 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' ही क्रूझ इटलीच्या जिल्यो बेटापाशी खडकावर आदळली, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची ड्रिल झालेलीच नव्हती. पुढे 2015 पासून ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घेणं बंधनकारक झालं. मागच्या आठवड्यात केली असली तरी बहुतेक कंपन्या ती पुन्हा करायला लावतात. बाबा 'मला पाठ आहे' म्हणत जुन्या जागेवर जाऊन उभे राहिले. तिथल्या मुलीने कार्ड पाहिलं आणि त्यांना जहाजाच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं. केबिन बदलली होती ना, जमायची जागाही बदलली होती.