मूलभूत चयापचय

मूलभूत चयापचय : जागा असलेला, पण उपाशी, आडवा पडलेला व शरीर-मनाने स्वस्थ असलेला माणूस निव्वळ जिवंत राहण्यासाठी जी ऊर्जा खर्च करतो ती. श्वसन, रक्ताभिसरण, मूत्रपिंडांचे काम, तंत्रिका पेशींवरील विद्युत् भार टिकवणे, झिजलेल्या प्रथिनांची भरपाई ही कामे तीत येतात. ती किलोकॅलरी प्रतिदिन या एककात सांगतात. झोपेतला खर्च याहून थोडा कमी भरतो, तेव्हा ‘मूलभूत’ म्हणजे ‘किमान’ असे समजू नये. अटी थोड्या सैल ठेवून घेतलेल्या मापनाला विश्रांतिकालीन चयापचय म्हणतात. व्यवहारात बहुतेक ठिकाणी मोजले जाते ते हेच.

फ्रेंच शास्त्रज्ञ लव्हॉयझर व लाप्लास यांनी १७८२-८३ च्या सुमारास बर्फाच्या ऊष्मामापकात (किती बर्फ वितळले यावरून उष्णता मोजणाऱ्या पात्रात) गिनीपिग ठेवून श्वसन हे मंद ज्वलनच आहे असे दाखवले. पुढे सेग्याँ यांच्यासह केलेल्या मानवी प्रयोगांत थंडी, अन्न व श्रम या तिन्हींमुळे ऑक्सिजनचा वापर वाढतो हे लव्हॉयझर यांना दिसले. मूलभूत अवस्थेच्या आजच्या अटी म्हणजे हीच तीन कारणे वगळणे होय. संज्ञेचे श्रेय सामान्यतः जर्मन वैद्य माग्नुस-लेव्ही यांना देतात. अवटू (थायरॉइड) ग्रंथीच्या विकारांत हा दर बदलतो हे त्यांनी १८९५ च्या सुमारास दाखवले, एवढे मात्र निश्चित.

पृष्ठक्षेत्रफळाचा वाद : लहान प्राणी दर किग्रॅ.मागे मोठ्यापेक्षा जास्त ऊर्जा का खर्च करतो? शरीराची उष्णता पृष्ठभागावाटे जाते, म्हणून तिची निर्मितीही पृष्ठभागाच्या प्रमाणात असणार, असा तर्क सार्यूस व रामो यांनी १८३० नंतरच्या दशकात मांडला होता. जर्मन शरीरक्रियाविज्ञ माक्स रूब्नर यांनी १८८३ मध्ये त्याला आकड्यांचा आधार दिला. त्यांच्या सात कुत्र्यांपैकी सर्वांत मोठा ३१.२ किग्रॅ.चा, तर सर्वांत लहान ३.२ किग्रॅ.चा होता. दर किग्रॅ.मागे त्यांचा खर्च अनुक्रमे सु. ३६ व ८८ किलोकॅलरी होता, दर चौ. मी.मागे मात्र सु. १,०४० व १,२१०, म्हणजे जवळपास सारखा. यावरून ‘क्षेत्रफळाचा नियम’ रूढ झाला.

या नियमाची दुखरी बाजू अशी, की त्या काळच्या बहुतेक अभ्यासांत क्षेत्रफळ प्रत्यक्ष मोजलेले नसे, वजनाचा २/३ घात घेऊन ते काढलेले असे. म्हणजे नियम कातडीचा नसून वजनाच्या घातांकाचाच होता. क्लायबर यांनी १९३२ मध्ये निरनिराळ्या जातींचे आकडे एकत्र करून हा घातांक ३/४ च्या जवळ असल्याचे मांडले, दिवसाचा खर्च अंदाजे ७० × वजन (किग्रॅ.) चा ३/४ घात, हे सूत्र त्यातूनच आले. १९९७ मध्ये वेस्ट, ब्राउन व एन्क्विस्ट यांनी रक्तवाहिन्यांच्या शाखाविस्तारावरून ३/४ ची सैद्धांतिक उपपत्ती दिली, तर २००३ मध्ये व्हाइट व सीमोर यांनी सस्तन प्राण्यांच्या आकड्यांची छाननी करून पुन्हा २/३ कडेच कौल दिला. रूब्नर यांच्या वरील दोन कुत्र्यांना ३/४ घात लावून पाहिला, तर त्यांच्यातील तफावत सु. १६ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर जाते. तेव्हा ३/४ हा उंदीर ते हत्ती अशा तुलनेचा घातांक मानावा आणि एकाच जातीतील लहानमोठ्यांना तो सरसकट लावू नये, हे अधिक सयुक्तिक वाटते.

माणसांच्या बाबतीत वजनातून चरबी वगळून उरणारे मेदविरहित वस्तुमान हा आज मानलेला आधार आहे. तोही भागाकाराने वापरला की फसवतो. कनिंगहॅम यांचे १९८० चे समीकरण ५०० + २२ × मेदविरहित वस्तुमान असे आहे. ४० किग्रॅ.ला त्यातून १,३८० किलोकॅलरी येतात, म्हणजे किग्रॅ.मागे ३४.५. ७० किग्रॅ.ला २,०४० येतात, म्हणजे किग्रॅ.मागे २९. दोघे एकाच रेषेवर असूनही लहान चणीच्या माणसाचा चयापचय ‘तेज’ भासतो. कारण मेंदू व यकृत शरीराच्या आकारमानाइतके वाढत नाहीत, स्नायू वाढतात. दर किग्रॅ.मागे दिवसाला हृदय व मूत्रपिंडे प्रत्येकी सु. ४४०, मेंदू २४०, यकृत २००, स्नायू १३ व मेदऊतक ४.५ किलोकॅलरी खर्च करतात, असे एलिया यांचे १९९२ चे अंदाज आहेत. या चार इंद्रियांचे वजन शरीराच्या ५-६ टक्केच, पण खर्चात वाटा निम्म्याहून अधिक. स्नायू वाढवले की विश्रांतीतही भरपूर ऊर्जा जळते असे सर्रास सांगतात. या हिशेबाने २ किग्रॅ. स्नायूंमागे दिवसाला २६ किलोकॅलरी पडतात.

मापन : आदल्या दिवशी जड व्यायाम नाही, १०-१२ तास उपास, सकाळी चहा, कॉफी, तंबाखू वर्ज्य, खोली थंडीही वाजणार नाही व घामही येणार नाही अशी. अर्धा तास पडून राहिल्यावर डोक्यावर पारदर्शक टोप ठेवून त्यातून हवा ओढतात. टोपातील कार्बन डाय-ऑक्साइड ०.५ ते १ टक्क्याच्या दरम्यान राहील असा प्रवाह ठेवतात. पहिली पाच मिनिटे सोडून देतात व पुढे आकडे स्थिरावलेला भाग घेतात. ऊर्जा वेअर यांच्या १९४९ च्या सूत्राने काढतात : ३.९४१ × ऑक्सिजन (लि.) + १.१०६ × कार्बन डाय-ऑक्साइड (लि.). मिनिटाला २२० मिलि. ऑक्सिजन वापरला व १८० मिलि. कार्बन डाय-ऑक्साइड सोडला, तर दिवसाचे सु. १,५३५ किलोकॅलरी होतात. मूत्रातील नायट्रोजन (ग्रॅम) × २.१७ यातून वजा करायचा असतो. दिवसाला १२ ग्रॅ. नायट्रोजन धरला तरी वजाबाकी २६ किलोकॅलरींचीच, म्हणून बहुधा ती सोडून देतात.

खरी गफलत ऑक्सिजनच्या मापात होते. बाहेरच्या हवेत तो २०.९३ टक्के, टोपात समजा २०.१३, सगळा हिशेब या ०.८ च्या फरकावर उभा. विश्लेषक ०.०५ ने चुकला तर उत्तर ६ टक्क्यांनी चुकते. यासाठी ज्ञात मिश्रणाच्या वायूने अंशशोधन (उपकरणाचे आकडे तपासून जुळवणे) करतात आणि अधूनमधून टोपाखाली शुद्ध एथिल अल्कोहॉल जाळून पाहतात. त्याचा श्वसन गुणांक (बाहेर पडलेला कार्बन डाय-ऑक्साइड ÷ वापरलेला ऑक्सिजन) ०.६६७ यायला हवा. माणसाचा गुणांक कर्बोदकांवर १, मेदावर सु. ०.७ असतो. उपाशी माणसाचा १ च्या वर गेला, तर तो घाबरून जोरात श्वास घेत आहे किंवा त्याने उपास पाळलेला नाही. गळती मात्र उपकरणागणिक उलटी दिसते. टोपातून श्वासाची हवा निसटली की दर कमी येतो. जुन्या बंद परिपथाच्या श्वसनमापकात (साठवलेल्या ऑक्सिजनमधूनच पुन्हा पुन्हा श्वास घेण्याच्या उपकरणात) निसटलेला ऑक्सिजन वापरलेला समजला जातो व दर वाढतो. अवटूविकार नसलेल्यांना या उपकरणाने ‘वाढीव दर’ चिकटवला जाण्याचे हे एक कारण असे.

अंदाजसूत्रे : हॅरिस व बेनेडिक्ट यांचे १९१९ चे समीकरण १३६ पुरुष व १०३ स्त्रियांवर आधारलेले आहे. प्रौढांसाठी आज मिफ्लिन व सहकाऱ्यांच्या १९९० च्या सूत्राला पसंती दिसते : १० × वजन (किग्रॅ.) + ६.२५ × उंची (सेंमी.) − ५ × वय, त्यात पुरुषांसाठी ५ मिळवावे, स्त्रियांसाठी १६१ वजा करावे. स्कोफील्ड यांच्या १९८५ च्या संकलनात इटालियन व्यक्तींचा भरणा मोठा होता. ती समीकरणे उष्ण कटिबंधातील लोकांचा दर जास्त सांगतात, असे आढळले आहे.

वयानुसार : दुहेरी अंकित पाण्याच्या (हायड्रोजन व ऑक्सिजनची जड समस्थानिके असलेले पाणी पाजून दिवसाचा एकूण ऊर्जाखर्च काढण्याच्या) पद्धतीने मोजलेल्या सहा हजारांवर व्यक्तींच्या २०२१ मधील विश्लेषणानुसार, मेदविरहित वस्तुमानाचा विचार करून पाहिलेला खर्च वयाच्या पहिल्या वर्षाच्या सुमारास सर्वाधिक असतो, विशीपर्यंत उतरत जातो, साठीपर्यंत जवळपास स्थिर राहतो व नंतर हळूहळू घटतो. मूलभूत दराचे आकडेही याच वळणाचे आहेत. ज्वरात दर १° से.मागे तो सु. १३ टक्क्यांनी वाढतो.